सोळा मुलं घरी ठेवली

“तू या शाळेत शिकतेस का?” साहेबांनी विचारलं.

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या बुटांकडे. म्हणाली, “नाही.”

ती तिसरीत होती. पहिलीपासून याच शाळेत, खिडकीखालच्या सतरंजीवर बसायची. पाढे धडाधड म्हणायची. आणि साहेबांना सांगत होती की मी इथली नाही. साहेबांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, “बघा. लहान मुलं खोटं बोलत नाहीत.”

लहान मुलं खोटं बोलतात. शिकवलं तर चांगलं बोलतात. हिला मी शिकवलं होतं. साहेब कधी चुकून समोर आले तर ‘मी या शाळेतली नाही’ म्हणायचं आणि घराकडे पळायचं, हे मी तिच्याकडून दोन वर्षं घोकून घेतलं होतं. त्या दिवशी ती पळाली नाही, कारण तिचा हात मी धरून ठेवला होता.

हे शिकवण्याची वेळ का आली ते सांगते. त्यासाठी शाळा सुरू झाली तिथपासून सांगावं लागेल.

शाळा मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. मी पहिलीत गेले तेव्हा यार्ड नव्हतं. बाजार शहरात मंडईत भरायचा, इकडे शेतं, नाला आणि आमची वस्ती. शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड, कुणा ठेकेदाराने सिमेंट ठेवायला उभी केलेली. ठेकेदार गेला, शेड राहिली. वस्तीत बौद्ध धर्म घेतलेली पाचसहा घरं होती. त्यातले एक जण रेल्वेत खलाशी होते. कामावरून सुटले की ते घरी न येता शिक्षणाच्या कचेरीत जाऊन बसायचे. शाळा द्या, एवढंच म्हणायचे. आमच्या बापांना शाळेचं काही पडलं नव्हतं. माझा बाप म्हणायचा, “पोरी शिकून काय कलेक्टर होणार आहेत?” पण तो खलाशी कचेरीतल्या लोकांना इतका नकोसा झाला की त्यांनी शेवटी एक गुरुजी पाठवून दिले. शाळा अशी सुरू झाली. नारळ कुणी फोडला नाही. आता भाषणांत सांगतात की अमुक पुढाऱ्याने ही शाळा आणली. पुढारी तेव्हा रांगत होता.

गुरुजी पेठेतून सायकलवर यायचे. आम्ही बसायला घरून बारदान न्यायचो. पाऊस आला की पत्र्याचा इतका आवाज व्हायचा की गुरुजींचं तोंड हलताना दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. मग ते फळ्यावर लिहायचे आणि आम्ही पाटीवर उतरवून घ्यायचो. माझं अक्षर चांगलं आहे ते त्यामुळे.

तपासायला येणाऱ्या साहेबाला तेव्हा दिपोटी म्हणत. पहिल्यांदा दिपोटी येणार होते त्या सकाळी गुरुजींनी आम्हा पाच जणांना रांगेतून बाजूला काढलं. एकाच्या डोक्यात खरूज होती, दोघांना वाचता येत नव्हतं, एकीच्या नाकाला सारखा शेंबूड. मला वाचता येत होतं, पण माझा फ्रॉक पाठीवर पार उसवला होता. गुरुजी म्हणाले, “तुम्ही हौदामागे बसायचं. आवाज करायचा नाही.” प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. आम्हाला वाटलं, बाकीच्यांना अभ्यास आणि आपल्याला खाऊ, आपलीच मजा आहे. आत माझ्याच धड्यावर प्रश्न विचारत होते आणि दुसरीच कुणी चुकीची उत्तरं देत होती, ते मला हौदामागे ऐकू येत होतं.

दिपोटींनी शेरा चांगला दिला. पुढच्या वर्षी दुसरी खोली मिळाली. मग ती रीतच पडली. साहेब येणार म्हटलं की शाळेला शोभणार नाहीत ती मुलं बाजूला काढायची. गुरुजी बदलले, रीत तीच.

तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला शहरात जावं लागायचं. मला कुणी पाठवलं नाही, विषय संपला. लग्न त्याच वस्तीत झालं. पुढे यार्ड आलं आणि यार्डाबरोबर माणसं आली. लातूर, परभणी, अकोला, यवतमाळ, जिथे जिथे रानात काही पिकत नव्हतं तिथली सगळी. नवरा यार्डात हमाल होता. त्याच्या मणक्याला मार बसला आणि तो घरी बसला, तेव्हा मला शाळेत शिपाई म्हणून घेतलं. घंटा वाजवायला चौथी पुष्कळ झाली. मुलं मला मावशी म्हणायला लागली, मग मास्तरही म्हणायला लागले.

शाळा माझ्यासमोर वाढली. पत्रा गेला, दगडी भिंती आल्या. त्या भिंतींचे दगड हमालांनी सुट्टीच्या दिवशी पाठीवरून आणून टाकलेत. वरचा मजला झाला, सातवीपर्यंत वर्ग झाले. जागा पुरेना म्हणून सकाळची एक आणि दुपारची एक अशा दोन शाळा भरायला लागल्या. सकाळची सुटायची आणि दुपारची आत यायची त्या पाच मिनिटांत फाटकात अशी रेटारेटी व्हायची की मी काठी घेऊन उभी राहायचे. एक वर्ष तर दुसरीचा वर्ग जिन्यावर बसला. बाई खालच्या पायरीवर उभ्या राहून शिकवायच्या आणि वरून कुणाला लघवीला जायचं असलं की सगळा वर्ग उठायचा. तेव्हाही साहेब आले की आम्ही दहापंधरा मुलं घरी ठेवायचो. कुणाला पत्ता लागायचा नाही. चारशेतली पंधरा गेली तर कोण विचारतं?

मग पिवळ्या व्हॅन आल्या. ज्याच्या हातात थोडा पैसा खेळायला लागला त्याने पोर उचललं आणि इंग्रजी शाळेत घातलं. माझ्या मुलानेही नातवाला तिकडेच घातलं. मी दोन महिने मुलाशी बोलले नाही. मग बोलले, कारण घर एकच आहे. नातू आता मला “आजी, प्लीज” म्हणतो.

सातवी गेली, सहावी गेली, दुपारची शाळा बंद झाली, वरच्या मजल्याला कुलूप लागलं. उरली ती यार्डात कांदे-लसूण निवडणाऱ्या बायांची आणि बांधकामावरच्या बिगाऱ्यांची मुलं. ज्यांना दुसरी शाळाच नाही अशी. माझी नोकरी कधीच संपली होती, तरी मी जात होते. सकाळी वस्तीत फिरून मुलांना उठवून आणायचं हे काम शाळेत कुणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून ते माझं होतं.

त्या वर्षी पटावर अडतीस मुलं होती. दोन शिक्षिका, त्यातल्या एक मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. मोठ्या बाईंनी मला जूनमध्येच सांगितलं होतं, “मावशी, वीसच्या खाली गेलो तर आपल्याला बंद करून रस्त्यापलीकडच्या शाळेत ढकलतील.” रस्ता म्हणजे साताऱ्याचा. स्वारगेटहून सुटलेली प्रत्येक एसटी तिथून जाते. सहा वर्षांचं पोर तो रस्ता एकटं कसं ओलांडणार? आणि त्यांच्या आया पहाटेच यार्डात गेलेल्या असतात. म्हणून अडतीस टिकवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या वर्षी गणवेशही आले नव्हते. दरवर्षी उशीर व्हायचा, पण त्या वर्षी दिवाळी झाली तरी पत्ता नाही. जुने कपडे बसत होते ती मुलं सतरा. बाकीची असेल ते घालून यायची. बापाचा शर्ट घालून, बहिणीचा स्कर्ट पिनेने आवळून.

एके दिवशी शाळा सुटताना मोठ्या बाई म्हणाल्या, “मावशी, उद्या दहाला साहेब येताहेत. नेहमीसारखं बघा.”

“कशाला येताहेत?”

“भेट आहे म्हणाले. क्लार्कचा फोन होता.”

“विचारलं नाहीत, कसली भेट?”

“साहेबांना का येता म्हणून विचारतात का, मावशी?”

मी वस्तीत फिरले. सोळा घरी सांगितलं, उद्या पोराला पाठवू नका. त्या पोरीची आई परभणीकडची. दारात बसून भांडी घासत होती. म्हणाली, “बरं हाय की. माझ्यासंगं यार्डात येईल, लहान्याला धरील.”

पोरगी आतून म्हणाली, “मला शाळेत जायचंय. मी काय केलं?”

“काही केलं नाहीस. कपडे नाहीत तुझ्याकडे. परवा ये.”

शेजारची बाई ऐकत होती. म्हणाली, “का हो मावशी, साहेब पोरी बघायला येतोय का? नेसवून-सवरून बसवायला?”

मी तिला म्हटलं, तुला शाळेतलं काही कळत नाही, तू तुझं बघ. ती दुसरीसुद्धा शिकलेली नाही. आम्ही पोरं दाखवायला मांडतो हे तिला बरोबर कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

साहेब दहाला बरोबर आले. एरवी अकराशिवाय कुणी येत नाही. बरोबर एक मॅडम. धडा विचारला नाही, फळ्याकडे पाहिलं नाही, स्वागतगीतासाठी उभ्या केलेल्या मुलींना हाताने खाली बसवलं. मॅडमनी पेनाने एकेक डोकं मोजलं, सगळ्या खोल्यांतून फिरल्या, मुतारीतसुद्धा डोकावल्या. मग म्हणाल्या, “सतरा.”

साहेबांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. “पटावर अडतीस. बाकीची एकवीस?”

“आज गैरहजर आहेत,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“सगळी?”

“सणाचे दिवस आहेत, सर.”

“कोणता सण?”

त्या दिवशी कोणताही सण नव्हता. पाच मुलं खरोखरच गावी गेली होती. सोळा मी घरी ठेवली होती, आणि मी दाराशी उभी होते. साहेब शाळा बघायला आलेच नव्हते. मुलं मोजायला आले होते. शोभणारी, न शोभणारी, सगळी मोजणार होते.

मी निघाले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी दुखले की नाही आठवत नाही. वस्तीत दोघं सापडली. बाकीची आयांबरोबर गेलेली. यार्डात कांद्याच्या शेडमध्ये शिरले, ट्रक मागे घेणारा ड्रायव्हर शिव्या देत होता, मीही दिल्या. सात तिथे मिळाली. पोरीने भाऊ आईच्या मांडीवर टाकला आणि माझ्याबरोबर पळाली. उरलेल्या सातांना शोधायला वेळ नव्हता. मी मनात सारखी बेरीज करत होते. सतरा आणि नऊ, सव्वीस. वीसच्या वर. पुरे.

फाटकात पोचलो तर साहेब गाडीत बसायच्या बेतात होते. अंगाला कांद्याची सालं चिकटलेली नऊ मुलं मी त्यांच्यापुढे उभी केली.

“ही कोण?”

“आमचीच आहेत. मोजायची राहिली.”

साहेबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “गणवेश नाही, दप्तर नाही, पायात चप्पल नाही. यांना पावणेअकराला शाळा आठवली?”

“गणवेश तुम्ही पाठवले नाहीत.”

“ते टेबल माझं नाही.” मग मॅडमना म्हणाले, “गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या शाळेत वीटभट्टीवरून भरून आणली होती, आठवतं ना? ही बाजारातून आणलीत.” आणि मला म्हणाले, “आजी, ही नाटकं आम्हाला नवीन नाहीत.”

मग ते वाकले आणि समोर जी होती तिला विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

मी म्हटलं, “साहेब, तिला तसं सांगायला मीच शिकवलंय.”

“असं? मग आता इथे यायलाही तुम्हीच शिकवलं असेल.”

याला उत्तर मोठ्या बाईंकडे होतं. हजेरीचं पुस्तक छातीशी धरून त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या मुलांना त्यांनी तीन वर्षं शिकवलं होतं. ‘सर, ही माझी मुलं आहेत, मीच यांना आज घरी ठेवायला सांगितलं’, एवढं म्हणायचं होतं. मी वाट पाहिली. मुलंही त्यांच्याकडे पाहत होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, “सर, चहा?”

साहेबांनी चहा घेतला नाही. गाडी गेली.

मी बाईंना विचारलं, “बोलला का नाहीत?”

“काय बोलणार होते, मावशी? मुलं मी घरी ठेवते म्हणून सांगू? माझ्यावर कारवाई झाली असती. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.”

“आणि या नऊ जणांवर काय झाली ती?”

“तुम्हाला कागद कळत नाहीत,” त्या म्हणाल्या.

मला कागद कळतात. महिन्याभराने शाळेत एक टेम्पो आला. गणवेशाचे गठ्ठे. मोठ्या बाई रजेवर, दुसऱ्या बाई वर्गावर होत्या, म्हणून पोचपावतीवर सही मी केली आणि वाचून केली. विद्यार्थी अडतीस, गणवेश अडतीस. तीच कचेरी, तोच शिक्का. कपडे पाठवताना मुलं अडतीस आणि मोजताना सतरा. मी पावतीची दुसरी प्रत घडी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी, तिची आई आणि आणखी तीन बायका घेऊन कचेरीत गेले. बायकांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. पोरगी नवा गणवेश घालून आली होती. लांब होता, कमरेला दुमडला होता.

तिथला क्लार्क सभ्य होता. म्हणाला, “अहो मावशी, बसा ना. खुर्च्या आहेत. बसून काही होणार नाही, पण बसा.”

मी पावती त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली.

“कपड्यांचं टेबल वेगळं आणि मोजणीचं वेगळं. ते मागच्या वर्षीच्या पटावर पाठवतात.”

“पट बदललेला नाही. मुलं तीच आहेत. ही बघा, एक समोर उभी आहे. मोजा.”

“मी मोजून काय उपयोग? अहवाल वर गेला.”

“वर म्हणजे कुठे? सांगा, आम्ही जातो.”

“वर म्हणजे वर, मावशी.” त्याने पावती माझ्याकडे सरकवली. “शिवाय त्यात लिहिलंय की मुलीने स्वतः नाही म्हणून सांगितलं. साक्षीला तुमच्या मुख्याध्यापिकांची सही आहे.”

ते मला माहीत नव्हतं. गाडी गेल्यावर कधी सही केली बाईंनी कोण जाणे. बाहेर आल्यावर परभणीवालीने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “तुझ्या तोंडानं शाळा बुडाली.” मी तिचा हात धरला आणि सांगितलं, मारायचं तर मला मार. हे मी मोठेपणाने म्हटलं नाही. चूक ज्याची त्याने मार खावा. पण तिने मला मारलं नाही. वयाकडे बघून सोडतात लोक, आणि वयाची माणसं त्याचा फायदा घेतात.

त्या दिवसानंतर मी पुष्कळ विचार केला, आणि जितका केला तितका माझा संताप वाढला. साहेबांचा राग आहेच. पण साहेब फाटक्या मुलांना शाळेतली मानत नाही, हे त्याला कुणी शिकवलं? आम्हीच. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या प्रत्येक साहेबाला आम्ही धुतलेली, तेल लावलेली, पाढे येणारी मुलं दाखवली. आमच्या शाळेत फाटकं पोर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग एकदम नऊ दाखवल्यावर त्यांना ती भाड्याची वाटणार नाहीत तर काय. हौदामागे मला गूळ-शेंगदाणे देऊन बसवणारे गुरुजी चांगले होते, असं मी आयुष्यभर सांगत आले. आता सांगत नाही. त्या दिवशी उसवल्या फ्रॉकसकट मला आत बसवलं असतं तर दिपोटींनी फार तर शेरा वाईट दिला असता. खोली एक वर्ष उशिरा मिळाली असती.

एप्रिलमध्ये निकाल लागले आणि शाळा बंद झाली. किल्ल्या घ्यायला कचेरीचा माणूस आला. म्हणाला, “सगळ्या आहेत का?” मी म्हटलं, मोजून घ्या, तुम्हाला मोजता चांगलं येतं. त्याला कळलं नाही. इमारत निवडणुकीच्या वेळी उघडतात. एरवी तिथे यार्डातले टेम्पो उभे असतात.

गणवेशात आलेल्या सतरा जणांना रस्त्यापलीकडच्या शाळेने घेतलं. गावी गेलेली पाच परत आलीच नाहीत. मी घरी ठेवलेल्या सोळांपैकी नऊ जण, फाटकात आणलेली तीच नऊ नव्हे, आता पलीकडे जातात. त्यांना सकाळी मी रस्ता ओलांडून देते. येताना ती आपली आपण येतात, आजवर कुणाला काही झालेलं नाही. चौघांची कुटुंबं काम संपल्यावर त्यांना घेऊन दुसरीकडे गेली. तीन मुली घरी आहेत. परभणीवालीची पोरगी त्या तिघींतली एक. ती दिवसभर यार्डात आईशेजारी लसूण निवडते आणि भावाला सांभाळते. मोठ्या बाई वेळेवर निवृत्त झाल्या. साहेबांचं काय झालं मला माहीत नाही. मी याच वस्तीत राहते.